नगरजीवन, चित्रपटांतील

नगरजीवन, चित्रपटांतील : शहरातील गर्दी, निवारा, रोजगार व दळणवळण यांचा माणसामाणसांतील संबंधांवर होणारा परिणाम चित्रपटांनी कसा दाखविला, याचा विचार या विषयात येतो. हिंदी व मराठी चित्रपटांतील शहर म्हणजे बहुधा मुंबई होय. मुंबईकडे माणसे वाहून नेणाऱ्या लोहमार्गावरील भुसावळसारखी शहरे मात्र पडद्यावर क्वचितच आली. या निवडीमुळे शहरी नात्याचे चित्र काहीसे एकांगी झाले आहे.

चित्रपट व आगगाडी यांचा संबंध प्रारंभापासूनचा आहे. ल्युम्येअर बंधूंचे लघुपट ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात दाखविण्यात आले. त्यांत स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीचाही एक होता. स्वातंत्र्योत्तर काळात बाहेरून शहरात येणारा भाबडा माणूस हा हिंदी चित्रपटाचा आवडता नायक ठरला. *श्री ४२०* (१९५५) मधील राज मुंबईत येतो आणि त्याला आपुलकी मिळते ती पदपथावर राहणाऱ्यांकडून. *जागते रहो* (१९५६) मधील खेडूत घोटभर पाण्यासाठी कलकत्त्यातील एका मोठ्या इमारतीत रात्रभर भटकतो आणि प्रतिष्ठितांच्या बंद दारांआडचे व्यवहार पाहतो. दोन्ही चित्रपटांत शहर हे नीतीची परीक्षा घेणारे स्थळ आहे. तेथील रोजच्या राहण्याचे निरीक्षण दुय्यम ठरते.

१९७० नंतर हे निरीक्षण वाढले. राजा ठाकूर यांच्या *मुंबईचा जावई* (१९७०) मध्ये आणि त्यावर आधारलेल्या बासू चतर्जी यांच्या *पिया का घर* (१९७२) मध्ये चाळीतील नवविवाहितांना एकांत मिळत नाही. भीमसेन यांच्या *घरौंदा* (१९७७) मध्ये घराच्या ओढीतून प्रेमाचाच सौदा होतो. येथे नात्यांवर ताण येतो तो केवळ कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर जागेच्या टंचाईमुळे. शिरपूर (जि. धुळे) येथील कुटुंबातील स्मिता पाटील (१९५५–८६) यांनी या काळातील स्थलांतराची दोन्ही टोके साकारली. मुजफ्फर अली यांच्या *गमन* (१९७८) मध्ये पती मुंबईत टॅक्सी चालवीत असताना गावी वाट पाहणारी पत्नी, तर जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील *चक्र* (१९८१) मध्ये झोपडपट्टीत तग धरणारी अम्मा, अशा त्यांच्या भूमिका आहेत.

या दोन टोकांमधील प्रवासाकडे सर्वांत गंभीरपणे पाहणारा चित्रपट म्हणजे अवतार कौल यांचा *२७ डाउन* (१९७४) होय. रमेश बक्षी यांच्या हिंदी कादंबरीवरील या चित्रपटाचा नायक संजय हा इंजिनचालकाचा मुलगा असून, चित्रकलेची ओढ सोडून तो तिकीट तपासनीस होतो. मुंबईच्या लोकल गाडीत त्याची शालिनीशी ओळख होते. परंतु वडिलांच्या इच्छेपुढे नमून तो दुसरीशी विवाह करतो आणि पुढे वाराणसीच्या गाडीत बसून त्या संसारापासून पळ काढतो. अपूर्व किशोर बीर यांच्या कृष्णधवल छायालेखनात स्थानकावरील गर्दी ही केवळ पार्श्वभूमी राहत नाही. हजारोंच्या लोंढ्यात एकटा पडलेला माणूस तीतून नेमका उठून दिसतो. मात्र येथेही रेल्वे ही मुख्यतः एकाकीपणाचे प्रतीक आहे. रेल्वेवर जगणाऱ्या माणसांनी परस्परांत निर्माण केलेले जग तीत फारसे येत नाही.

हे जग भुसावळ (जि. जळगाव) येथे प्रत्यक्ष दिसते. मुंबईपासून सु. ४४० किमी. अंतरावरील हे शहर मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय असून, मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे नागपूर व इटारसी या दोन दिशांना फुटतो. वाराणसीच्या वाटेवरही हे स्थानक लागते. नोकरीच्या निमित्ताने विविध प्रांतांतील कुटुंबे येथे एकमेकांशेजारी राहत आली. पाळीच्या वेळा, रात्रीअपरात्री येणारे कामाचे बोलावणे आणि बदलीची टांगती शक्यता यांमुळे शेजाऱ्याचा आधार ही अशा वसाहतींत चैन नसून गरज असते. ही नाती जोडली जातात तीच तुटण्याची जाणीव ठेवून. मुंबईच्या चित्रपटांत गर्दी एकाकीपणा निर्माण करते, तर येथे तात्पुरतेपणा जवळीक निर्माण करतो. या अनुभवाकडे चित्रपटसृष्टीचे फारसे लक्ष गेलेले नाही. रितेश बत्रा यांच्या *द लंचबॉक्स* (२०१३) मध्ये चुकलेल्या डब्यामुळे दोन अपरिचितांत पत्रव्यवहार सुरू होतो. पण हे हृद्य नातेही मुंबईच्याच यंत्रणेवर उभे आहे.

खानदेशालगतच्या मालेगाव (जि. नासिक) या यंत्रमागांच्या शहराने या स्थितीवर स्वतःपुरता उपाय शोधला. नासिर शेख यांनी *मालेगाव के शोले* (२०००) सारखी विडंबने अल्प खर्चात, स्थानिक लोकांना घेऊन केली. फैजा अहमद खान यांच्या *सुपरमेन ऑफ मालेगाव* (२००८) या अनुबोधपटाने आणि रीमा कागती यांच्या *सुपरबॉइज ऑफ मालेगाव* (२०२४) या कथापटाने हा प्रयत्न सर्वदूर पोहोचविला. मालेगावच्या चित्रपटांचा साचा मुंबईकडून व परदेशातून उसना घेतलेला होता, ही त्यांची मर्यादा होय. तथापि त्यांत प्रेक्षकच कलावंत झाले आणि मैत्रीचे नाते चित्रीकरणाच्या कामातच दृढ झाले, हे त्यांचे महत्त्व आहे. शहराचे चित्र तेथे राहणाऱ्यांनी रेखाटले, म्हणजे ते निर्दोष होते असे नाही. परंतु त्यात माणसे केवळ प्रवासी म्हणून येत नाहीत. जंक्शनच्या शहरांचे असे चित्र अजून रेखाटले जावयाचे आहे.