वजन उतरलं, पण सोडून गेलेल्यांचं काय?

औषधाच्या चाचणीचा पेपर हातात आला की आपण आधी आलेख बघतो. त्याआधी दोन गोष्टी शोधा: चाचणीत कोणाला घेतलं नाही, आणि कोण मधूनच सोडून गेलं. का, ते रिमोनाबँटच्या उदाहरणावरून पाहू.

गांजातला नशा आणणारा घटक ज्या सीबी-१ रिसेप्टरवर काम करतो, तो आपल्या मेंदूत भरपूर असतो. त्याला चिकटणारा, शरीरानेच बनवलेला पहिला रेणू १९९२मध्ये सापडला. त्याचं नाव आनंदामाइड, संस्कृत ‘आनंद’वरून. ही एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा भूक आणि खाण्यातली गोडी वाढवते, शिवाय यकृतात आणि चरबीच्या पेशींत मेद साठवायलाही मदत करते. मग सीबी-१ अडवला की वजन उतरेल, असा सरळ तर्क होता. रिमोनाबँट हेच करतं.

२००५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली ‘रिओ-युरोप’ चाचणी बघा. १५०७ जण, एक वर्ष. २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन सरासरी ६.६ किलोने उतरलं, प्लासिबोवाल्यांचं १.८ किलोने. आखणी चोख होती आणि आकडेही खरे होते. मग खटकतं काय?

पहिलं म्हणजे निवड. या मालिकेतल्या चाचण्यांत नैराश्य असलेल्यांना घेतलंच नव्हतं. पण लठ्ठपणा आणि नैराश्य बऱ्याचदा सोबत येतात. म्हणजे दवाखान्यात जे रुग्ण येणार, त्यांच्यातलेच काही चाचणीबाहेर.

दुसरं, गळती. उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत वर्षअखेरीस जेमतेम निम्मे लोक उरले. सोडून गेलेल्याचं शेवटचं वजन पुढे ओढायचं आणि सरासरीत धरायचं, ही तेव्हाची रूढ पद्धत. आता विचार करा: एखादी व्यक्ती उदास वाटू लागलं म्हणून औषध सोडते. तिचं वजन आलेखात राहतं, उदासी मात्र राहत नाही! ती सापडते दुष्परिणामांच्या तक्त्यात, जो आपण घाईत उलटून टाकतो.

२००७मध्ये क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी चार चाचण्यांतल्या ४१०५ जणांची माहिती एकत्र केली. वजनातला फायदा ४.७ किलो, पण नैराश्यामुळे औषध सोडण्याची शक्यता प्लासिबोच्या अडीचपट. तीही नैराश्यवाल्यांना आधीच वगळल्यावर! अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली नाही. युरोपात २००६मध्ये मिळालेली मंजुरी २००८मध्ये स्थगित झाली. भारतातही २००९मध्ये बंदी आली.

म्हणून सीबी-१चा विषयच संपला, असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. मेंदूत कमी शिरणारी औषधं आता तपासली जात आहेत. त्यांतल्या मोनलुनाबँटचे प्राथमिक निकाल २०२४मध्ये आले: १० मिलिग्रॅमवर १६ आठवड्यांत ७.१ किलो घट, प्लासिबोवर ०.७. मात्र चिंता, चिडचिड, झोपेच्या तक्रारीही डोसबरोबर वाढल्या. ‘मेंदूत कमी’ म्हणजे ‘मेंदूत नाही’ असं नव्हे.

या औषधावरचा पुढचा पेपर आला की किलो नंतर मोजा. आधी सोडून गेलेल्यांचा तक्ता उघडा आणि प्रत्येक गटासमोर कारणं लिहून काढा. कारणं दिलीच नसतील, तर तुमच्या जर्नल क्लबमधला पहिला प्रश्न तोच असू द्या.