हिरवे शिक्षण आणि घाणीचा वारसा

व्यावसायिक शिक्षणात पर्यावरणाचा विचार रुजवायचा तर एकटा निदेशक पुरा पडणार नाही. त्याच्यामागे संस्थांचे आणि माणसांचे जाळे हवे, ही भूमिका आता सर्वमान्य होत आहे. युनेस्कोच्या बॉन येथील युनेव्होक केंद्राने 2017 साली काढलेली मार्गदर्शिका याच विचाराची आहे. परिसर, अभ्यासक्रम, समाज, संशोधन आणि संस्थेची संस्कृती अशी पाच अंगे ती सांगते. मांडणी नेटकी आहे. माझा आक्षेप 'समाज' या एका शब्दाला आहे. आपल्याकडे 'तुमचा समाज कोणता?' असे कोणी विचारले, की त्याने जात विचारलेली असते.

आयटीआयमधला नळ कारागीर सांडपाण्याच्या नळांची जोडणी शिकतो, उतार किती ठेवावा हे शिकतो. पण टाकी तुंबल्यावर आत उतरणारा माणूस बहुधा दलितच का असतो, हा प्रश्न त्याच्या वहीत नसतो. संरक्षणसाधनांवाचून असे काम करून घेणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवले. तरी 2023 साली सर्वोच्च न्यायालयाला गटारातील मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख करावी लागली. म्हणजे माणसे मरतच होती. झाडे लावणारे पण या मरणाविषयी मुके राहणारे शिक्षण कितीही हिरवे असो, ते वर्णव्यवस्थेच्याच सोयीचे आहे.

जातिव्यवस्था कामाबरोबर कामगारांनाही विभागते, हे बाबासाहेबांनी 1936 साली दाखवून दिले. 1942 च्या निवेदनात त्यांनी सरकारकडे दलित विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाची सोय मागितली. बापजाद्यांच्या धंद्यातून सुटण्याची ती वाट होती. सोलापूरजवळ वळसंगला 1937 साली ते दलितांच्या विहिरीवर आले. पाणी वाचवा असे सांगण्याआधी पाणी कोणाचे, हे विचारले पाहिजे, हा धडा या जिल्ह्यातच आहे.

मग हे जाळे कोणाचे? 2007 च्या केंद्रीय योजनेत निवडलेल्या शासकीय आयटीआयमध्ये व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योगाच्या प्रतिनिधीकडे गेले. कामगार संघटनेसाठी मात्र तिथे वेगळी जागा ठेवली नाही. उद्योग नको, असे मी म्हणत नाही. पोरांना नोकरी हवी. पण एकट्या मालकाने ठरवले, तर वीजबिल कसे वाचवावे एवढेच शिकवले जाईल. यंत्रमागाजवळ उडणारे तंतू कोणाच्या छातीत जातात, चादरी-टॉवेलचे सूत रंगवल्यावर उरलेले पाणी कोणाच्या वस्तीकडे वाहते, तंबाखूच्या धुळीत बसून विडी वळणारी बाई काय सोसते, हे कोण सांगणार?

ते सांगू शकणारी माणसे सोलापुरात आहेत. माग चालवणारे, सूत रंगवणारे, विडी वळणाऱ्या स्त्रिया, महानगरपालिकेचे सफाई कामगार आणि त्यांच्या संघटना यांना समितीत मताचा अधिकार हवा. शाल-नारळ देऊन त्यांची बोळवण करू नये. मानधन देऊन त्यांना वर्गात शिकवायला बोलवावे आणि त्यांनी सांगितलेल्यावर परीक्षेत प्रश्न विचारावेत. आपापल्या आयटीआयची समिती कोणाकोणाची आहे, हे शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आधी विचारावे. कामाची सुरुवात तिथूनच होईल.