प्रभुभोजन म्हणजे ‘ख्रिस्ती प्रसाद’? एका सोप्या तुलनेची तपासणी

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, धर्म आणि संस्कृतीवरच्या निबंधांत एक विधान हमखास भेटतं : प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ती लोकांचा प्रसाद. वाचायला छान, समजतंही लगेच. पण मी विज्ञानाचा विद्यार्थी. दोन गोष्टी सारख्या म्हटल्या की पहिला प्रश्न पडतो, कोणत्या बाबतीत सारख्या? आज तेवढंच तपासू.

आधी जमेची बाजू. संस्कृतात ‘प्रसाद’ म्हणजे मुळात प्रसन्नता, कृपा; मग त्या कृपेची खूण म्हणून हातावर पडणारा घास. ग्रीकमध्येही तसंच काहीसं आहे. कृपेला शब्द ‘खारिस’, आणि प्रभुभोजनाचं ‘युखरिस्ट’ हे नाव त्याच मुळातून आलेल्या, आभार मानणं या अर्थाच्या शब्दावरून पडलं. दोन्हीकडे खाणं आणि कृपा जोडलेली आहेत. इथवर तुलना टिकते.

घसरते कुठे ते बघा. एक तर ‘ख्रिस्ती लोक’ हा एकजिनसी नमुना नाही. कॅथलिक मिस्सात भाकर आणि द्राक्षारस यांचं ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात रूपांतर होतं अशी श्रद्धा आहे. १५२९ मध्ये मारबुर्ग इथं ल्यूथर आणि झ्विंग्ली याच मुद्द्यावर अडले : ल्यूथरच्या मते ख्रिस्त तिथं खरोखर हजर, झ्विंग्लीच्या मते ती मुख्यतः आठवण. कॅल्विनचं म्हणणं, भाकर भाकरच राहते, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्ताशी खरा संबंध जुळतो. प्रेस्बिटेरियन परंपरा ही कॅल्विनची. आपल्या कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले आणि पुढे हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्यामुळे इथल्या चर्चवर लिहिताना वसईच्या मिस्साचं वर्णन चिकटवलं, तर नमुनाच चुकला.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. प्रसाद पुडीत बांधून घरी नेता येतो, एकट्यानं खाल्ला तरी तो प्रसादच. प्रभुभोजनात ‘एकत्र’ हाच गाभा. ग्रीक ‘कोइनोनिया’ला मराठी बायबलात ‘सहभागिता’ म्हटलंय. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात पौल चक्क रागावतो : काही जण आधीच जेवून घेतात, काही उपाशी राहतात, मग हे प्रभुभोजन कसलं? म्हणजे कृपा फुकट मिळते खरी, पण शेजारच्याला उपाशी ठेवून ती साजरी करता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. कोण कोणाच्या हातचं खातो, यावरच जात उभी होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळं-ओवळं सुटण्याची हकीकत याच नजरेनं वाचा. शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा प्यायले, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आणि चर्च यातून सुटलं होतं असंही नाही. तंजावरच्या मंडळींत जातिभेद इतका मुरला होता, की १८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांना तो बंद करा असं लेखी बजावावं लागलं.

‘प्रसाद’ हा शब्द वापरला की नेमकं हेच झाकलं जातं. तुलना करायचीच तर वारकऱ्यांचा काला मला जवळचा वाटतो. तिथंही सगळ्यांचं एकात मिसळून वाटणं आहे. पण काल्यात कृष्णाच्या बाललीलेचा आनंद आहे, प्रभुभोजनात एका मृत्यूचं स्मरण. तेव्हा तोही तंतोतंत बसत नाही, आणि तसं लिहायला लाजायचं कारण नाही.

सिनॉप्सिसमध्ये अशी तुलना करणार असाल तर तीन गोष्टी स्पष्ट लिहा : कोणतं चर्च, कोणत्या बाबतीत साम्य, आणि ते साम्य मोडतं कुठे. गाइड पहिले दोन प्रश्न विचारतातच. तिसऱ्याचं उत्तर तुम्ही आपणहून दिलंत, तर तुमचा प्रबंध खरा तिथून सुरू होईल.