माहितीपटाची शैली आणि साक्षीदाराचा प्रश्न



आजचा विषय मला एका विद्यार्थ्याने दिला. चित्रपटाचं शिक्षण घेणारा एक मुलगा काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला होता. त्याच्या आजोबांची आणि माझी जुनी ओळख, एवढंच निमित्त. पदवीसाठी त्याला अर्ध्या तासाचा माहितीपट करायचा होता. विषय होता ऊसतोड कामगार. येताना त्याने दोन गोष्टी आणल्या होत्या: एक तक्ता आणि पहिल्या फेरीत केलेलं वीस-पंचवीस मिनिटांचं कच्चं चित्रीकरण. त्याला माझ्याकडून हवं होतं ते इतकंच, की तक्त्यातलं तत्त्वज्ञान बरोबर आहे का ते मी तपासून द्यावं.

तक्ता मेहनतीने केलेला होता. बिल निकोल्स या अभ्यासकाने माहितीपटांचे सहा प्रकार सांगितले आहेत, ते त्यात एकाखाली एक मांडले होते. काव्यात्म, निवेदनप्रधान, निरीक्षणप्रधान, सहभागी, आत्मचिंतनपर आणि आविष्कारप्रधान. प्रत्येकापुढे उदाहरण, कॅमेरा कसा, आवाज कसा, फायदे, तोटे, खर्च किती. त्याने निवड केली होती निरीक्षणप्रधान शैलीची. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, संगीत नाही. मला म्हणाला, "सर, आपण मध्ये बोलायचंच नाही. वास्तवालाच बोलू द्यायचं."

मी म्हटलं, "आधी चित्रीकरण दाखव."

चित्रीकरण चांगलं होतं. पहाटेचा अंधार, फडात चाललेले कोयते, पाचटाचा आवाज, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीकडे जाणाऱ्या बायका. मध्येच एक शॉट आला, जेमतेम सात-आठ सेकंदांचा. मोळी बांधता बांधता एक बाई मान वर करते. आधी कॅमेऱ्याकडे बघते. मग चौकटीच्या बाहेर, डाव्या हाताला कुठेतरी बघते. आणि पटकन मान खाली घालते.

मी विचारलं, "डावीकडे कोण होतं रे?"

"मुकादम, सर. त्यांनीच आम्हाला फडात नेलं होतं. पण हा शॉट मी घेणार नाहीये. बाई कॅमेऱ्याकडे बघते, त्यामुळे शैली मोडते."

मित्रहो, आजचं माझं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर आहे. कोणतीही शैली काय दाखवायचं ते सांगते, तसं काय टाकून द्यायचं तेही सांगते. म्हणून शैलींची तुलना करायची तर प्रत्येक शैली काय टाकून देते, ते आधी बघितलं पाहिजे. त्या मुलाच्या तक्त्यात नेमका हाच रकाना नव्हता.

आता काही चित्रपट या नजरेने बघू.

सुरुवात फ्लाहर्टीच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'पासून करू. साल १९२२. कॅनडाच्या उत्तरेकडचं इनुइट कुटुंब, बर्फ, शिकार. बघताना वाटतं, अगदी जसं आहे तसं चित्रित केलंय. प्रत्यक्षात नानूक हे त्या माणसाचं खरं नाव नव्हतं. त्याचं नाव होतं अल्लाकारिआल्लाक. त्या लोकांकडे तोवर बंदुका आल्या होत्या, पण चित्रपटात शिकार होते ती भाल्याने. बर्फाच्या घरात कॅमेरा आणि प्रकाश पोचेना, म्हणून अर्धं उघडं घर बांधलं आणि त्यात झोपण्या-उठण्याची दृश्यं घेतली. फ्लाहर्टी काय टाकून देत होता? तो बदल टाकून देत होता. बंदूक चौकटीबाहेर ठेवली की हे लोक काळाच्या बाहेरचे दिसतात. पण त्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं. तो ती फिल्म तिथेच धुऊन त्या लोकांना दाखवत असे, आणि पुढची दृश्यं त्यांच्याशी बोलून ठरवत असे. म्हणजे ज्याला आपण आज बनाव म्हणून नाकं मुरडतो, त्यात त्या माणसांना आपलं चित्र कसं होतंय हे कळत तरी होतं.

दुसरी शैली माझ्या पिढीला तोंडपाठ आहे. फिल्म्स डिव्हिजन, स्थापना १९४८. सिनेमाला गेलं की आधी ती रीळ बघावीच लागे. धरण दिसायचं, शेत दिसायचं आणि वरून एक भारदस्त आवाज आपल्याला सगळं समजावून सांगायचा. पडद्यावरचा शेतकरी हसायचा, मान डोलवायचा, पण बोलायचा क्वचितच. इथे टाकून दिला जात होता त्याचा आवाज. अर्थात त्याच संस्थेत या आवाजाला कंटाळलेली माणसंही होती. १९६७ साली सुखदेव यांनी 'इंडिया ६७' निवेदनाशिवाय केला. त्याच वर्षी शास्त्रींनी 'आय ॲम ट्वेंटी'मध्ये १९४७ साली जन्मलेल्या मुलामुलींना थेट बोलतं केलं. तो आजही बघा, वीस वर्षांची मुलं किती मोकळी बोलतात.

तिसरा चित्रपट आमच्या विद्यार्थ्याचा लाडका. फ्रेडरिक वाइजमनचा 'टिटिकट फॉलीज', तोही १९६७चा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रिजवॉटर इथे मनोरुग्ण कैद्यांसाठीची संस्था होती, तिथलं हे चित्रण. निवेदन नाही, मुलाखत नाही. मुलगा म्हणाला, "सर, दिग्दर्शक कुठे दिसतच नाही." मी म्हटलं, अरे, नीट बघ. एका कैद्याला नाकातून नळी घालून जबरदस्तीने अन्न भरवतात, त्या दृश्याच्या मध्ये मध्ये त्याच माणसाचं प्रेत पुरण्याआधी तयार करतानाची दृश्यं जोडलेली आहेत. जिवंतपणी मिळाली त्यापेक्षा मेल्यावर त्या देहाला जास्त काळजी मिळाली, हे तिथे कोणीतरी आपल्याला सांगतंय. तोंडाने सांगत नाही, कात्रीने सांगतंय. निवेदन गेलं म्हणून निवेदक गेला असं होत नाही.

आणि या चित्रपटाची पुढची कथा त्याहून बोधप्रद आहे. चित्रीकरणाची परवानगी अधिकाऱ्यांनी दिली होती. चित्रपट तयार झाल्यावर राज्य सरकारच न्यायालयात गेलं. कैद्यांच्या खासगीपणाचा भंग झाला, असं कारण दिलं. सर्वसामान्य प्रेक्षकांना तो दाखवायला बंदी आली आणि ती १९९१पर्यंत टिकली. आता इथे दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. त्या आजारी, उघड्या माणसांना खऱ्या अर्थाने विचारणं अवघड होतं, हे खरं. आणि ज्या सरकारने त्यांना तसं ठेवलं, त्यालाच त्यांच्या अब्रूची काळजी अचानक वाटू लागली, हेही तितकंच खरं. संमती हा शब्द दुबळ्याचं रक्षण करतो, तसा बलवानाच्या हातातली ढालही होतो. हे विसरायचं नाही. पुढे लागेल.

चौथं उदाहरण आपल्या मुंबईचं. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर', १९८५. झोपडपट्ट्या पाडण्याचा विषय. त्यात एक बाई संतापते, आणि ती महापालिकेवर नाही, चित्रीकरण करणाऱ्यांवरच संतापते. गरिबांचे फोटो काढून तुमचं नाव होणार, आम्हाला त्याचं काय, अशा अर्थाचं ती ऐकवते. पटवर्धनांना तो भाग सहज कापता आला असता. चित्रपट गरिबांच्या बाजूचा, आणि गरीब बाईच चित्रपटाला नावं ठेवते, हे सोयीचं नाही. त्यांनी तो ठेवला. माझ्या मते त्या चित्रपटाचं सगळं नैतिक वजन तिथे आहे. ज्याचं चित्र काढतोय त्याला चित्रकाराला उलट विचारता आलं, आणि ते प्रेक्षकांपर्यंत पोचलं.

याच चित्रपटात विलास घोगरे यांचं गाणं आहे. शाहीर घोगरे. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांत घोगरेंनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आणि पटवर्धन पुन्हा कॅमेरा घेऊन निघाले. 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली, २०११ उजाडलं. तो मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दाखवला गेला. तुम्ही त्या चित्रपटाच्या राजकारणाशी सहमत असा किंवा नसा. मी एवढंच म्हणतो, की पहिल्या चित्रपटातल्या बाईचा जो प्रश्न होता, त्याचं एक उत्तर इथे आहे. ज्यांचं चित्रण केलं त्यांच्याकडे परत जाणं. याला निकोल्सच्या सहा रकान्यांत कुठे बसवणार?

आता मी माझ्या घरच्या मैदानावर येतो. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. त्यांपैकी एक प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः इंद्रियांनी घेतलेला अनुभव. दुसरं शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. त्या माणसाला आप्त म्हणतात. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. निरीक्षणप्रधान शैलीचं सगळं आकर्षण प्रत्यक्षाचं आहे. पण बघा, प्रत्यक्ष झालं कोणाला? कॅमेरामनला. तुम्हाला-मला नाही. प्रेक्षकाच्या दृष्टीने प्रत्येक माहितीपट हा शेवटी शब्दप्रमाणातच मोडतो. कोणीतरी आपल्याला सांगतंय आणि आपण विश्वास ठेवतोय. म्हणून प्रश्न उरतो, की या चित्रपटात आप्त कोण?

भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताच्या अटी सांगितल्या आहेत. त्या माणसाने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. पुढे तो असंही म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. त्या काळाचा विचार केला तर केवढं मोठं विधान आहे हे! म्हणजे उसाच्या फडाबद्दल आप्त कोण? ती मोळी बांधणारी बाई. पहिली अट ती पुरी करते, आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त. अडतं ते दुसऱ्या अटीवर. तिला सांगायचं असेलही, पण सांगता येतं का?

इथे ऊसतोडीचं अर्थकारण थोडं समजून घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची असते. अंगावर उचल असताना मुकादमाने आणलेल्या पाहुण्यांना नको म्हणणं आणि मुकादमासमोर खरं बोलणं, दोन्ही सारखंच अवघड. आमच्या विद्यार्थ्याकडे परवानगी होती, लेखीसुद्धा होती. पण ती मुकादमाची होती. ब्रिजवॉटरची परवानगी आठवा.

आणि हे सगळं एका शॉटमध्ये आपोआप आलं होतं. बाई आमच्याकडे बघते, त्याच्याकडे बघते, मान खाली घालते. पन्नास मुलाखतींत जे मिळालं नसतं, ते या सात सेकंदांत आहे. आणि शैलीच्या नियमाने तेच कचऱ्यात गेलं होतं.

मुलाने लगेच हुशारीचा प्रश्न विचारला. "मग सर, तोच शॉट सुरुवातीला घेऊ?" मी म्हटलं, थांब. तुझा चित्रपट उद्या मुकादमाच्या मोबाइलवर पोचेल. पुढच्या हंगामात त्या बाईच्या नवऱ्याला उचल मिळाली नाही तर? तू टाळ्या घेऊन घरी येशील, किंमत तिने भरायची का?

मग आम्ही दोघांनी त्याचं नियोजन पुन्हा मांडलं. त्याच्याकडे बारा दिवस होते, सगळे हंगामातले, सगळे फडातले. त्यातले सहाच फडात ठेवले. तीन दिवस पावसाळ्यात, ती माणसं बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी घरी असताना. त्यांतला पहिला दिवस कॅमेऱ्याशिवाय. एक दिवस दसऱ्याच्या आसपास, माणसं निघायच्या वेळी. आणि शेवटचे दोन दिवस चित्रीकरणासाठी नाहीतच. कच्चा जोडलेला चित्रपट त्या लोकांना त्यांच्या घरी बसून दाखवायचा. जाँ रूश आणि एडगर मोरँ यांनी १९६१च्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर'मध्ये हे केलं आहे. पॅरिसमधल्या माणसांना त्यांचंच चित्रण दाखवलं आणि त्यावर झालेली भांडणंही चित्रपटात घेतली. कोणी म्हणालं हे खोटं वाटतं, कोणी म्हणालं फारच उघडं झालं.

अंदाजपत्रकात लेन्सचं भाडं होतं, हार्ड डिस्क होत्या, पण परत जाण्याचं एसटीचं भाडं नव्हतं. ते घातलं, एक लेन्स कमी केली. परवानगी एकदा घ्यायची नाही, तीनदा घ्यायची असं ठरलं. चित्रीकरणाआधी, कच्चा चित्रपट दाखवल्यावर आणि जाहीर करण्याआधी. नकाराचा हा अधिकार कामगारांना. मुकादमाला आणि कारखान्याला आपली बाजू मांडायची पुरी संधी द्यायची, पण कापायचा अधिकार नाही.

शेवटी तो म्हणाला, "आणि बाई नको म्हणाली तर?"

तर शॉट जाईल. मला त्याचं वाईट वाटेल, कारण तुझ्या चित्रीकरणातला तो सगळ्यात खरा शॉट आहे. पण आधी तू तो शैली सांभाळायला टाकत होतास. आता तो तिला सांभाळायला जाईल, आणि का गेला हे तुला ठाऊक असेल. त्यानंतर तू चित्रपटात जे ठेवशील, त्यावर मी जास्त विश्वास ठेवेन.

तक्ता त्याने परत नेला. फेकू नकोस, असं मी त्याला सांगितलं. तक्ते उपयोगी असतात. फक्त एक रकाना वाढव म्हटलं: या शैलीने काय टाकून दिलं, आणि कोणाला विचारून?

तो परवाच फोनवर सांगत होता, की पावसाळ्यातली फेरी झाली. बाई घरी भेटल्या, चहा झाला, कॅमेरा पिशवीतच राहिला. शॉटबद्दल अजून विचारलेलं नाही. मी म्हटलं, घाई करू नकोस.

थांबतो. आपले प्रश्न असतील तर अवश्य विचारा.