गळाचें वाङ्मय

मराठी वाङ्मयांत मासा पुष्कळ आहे. मासा धरणारा मनुष्य मात्र शोधूनही सहसा सांपडत नाहीं. पुराणांत मासा हा भगवंताचा पहिला अवतार आहे, संतांच्या दृष्टांतांत तो जागोजागीं आहे, आणि नाथसंप्रदायाच्या कथेंत तर ज्ञानाचा उगमच माशाच्या उदरांत आहे. शिवानें पार्वतीस सांगितलेलें रहस्य मत्स्येंद्रानें तेथें बसूनच ऐकिलें. परंतु ज्याच्या हातांत दोरी आहे, जो काठावर उकिडवा बसला आहे, आणि मासा न मिळाला तर ज्याच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटावयाची नाहीं, तो भोई किंवा ढीवर आमच्या ग्रंथांत एखाद्या क्रियापदाचा कर्ता म्हणून येतो व तें क्रियापद संपतांच नाहींसा होतो. सामान्य मराठी वाचकाच्या ओळखीचा मासेमार कोण, असें विचारलें तर हेमिंग्वेचा सांतियागो हेंच उत्तर बहुधा येईल. हेमिंग्वेनें तो १९५२ मध्यें लिहिला आणि पु. ल. देशपांडे यांनीं 'एका कोळियाने' या नांवानें त्यास मराठींत आणिलें. म्हणजे कोळीही आम्हांस क्यूबाहून मागवावा लागला.

हें सर्व आज लिहिण्यास एक प्रश्न कारण झाला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत नळगंगा, पेनटाकळी आणि खडकपूर्णा या जलाशयांच्या काठीं अलीकडे कांहीं तरुण रीळ लावलेली काठी घेऊन उभे राहिलेले दिसतात. त्यांच्या गळाला गांडूळ नसतें, पिठाची गोळी नसते. रबराचा बेडूक, पितळेचा चमचा, नाहीं तर रंगविलेला लहानसा मासा असतो. मरळीसारखा शिकारी मासा या नकली भक्ष्यावर झेप घेतो, आणि तेंच त्या खेळाचें सारसर्वस्व आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानें विचारिलें कीं, हें आरंभापासून शिकण्यास मराठींत एखादें चांगलें पुस्तक आहे काय. मला एकाही पुस्तकाचें नांव सांगतां आलें नाहीं. ज्या भाषेंत पाककृतींची पुस्तकें कपाटें भरून आहेत त्या भाषेंत हें पुस्तक कां नसावें, हा प्रश्न मला मासेमारीचा नव्हे, वाङ्मयाचा वाटतो.

याचें एक उत्तर आमच्या दृष्टांतांतच आहे. गळ आणि मासा ही जोडी संतांनीं विषयलोभाचें रूपक म्हणून इतकी वापरली कीं, ती पुढें बोलींतच जिरली. 'आमिष दाखविणें', 'गळाला लागणें' हे वाक्प्रचार आपण बाजारांत, निवडणुकींत व विवाह ठरवितांना सर्रास वापरतों. त्यांतील एक गोष्ट कोणी लक्षांत घेत नाहीं. या सर्व ठिकाणीं दृष्टि माशाची आहे. आपली भाषा पाण्यांतून वर पाहते. तिला दिसतो तो लोंबणारा घांस व त्याच्या आड लपलेला काटा. दोरीच्या दुसऱ्या टोंकाला कोण आहे, याच्याशीं तिला कर्तव्य नाहीं. माशाची बाजू घेणारें हें वाङ्मय करुणेनें भरलेलें आहे, हें खरें. पण त्या करुणेच्या वांट्यांत भोई आला नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. ज्यांनीं ग्रंथ लिहिले आणि ज्यांनीं ते वाचले त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासा शिजत नव्हता. जेथें शिजत होता तेथें तो दाराशीं विकत येत होता.

दोरीच्या दुसऱ्या टोंकाकडून पाहणारा एक जुना ग्रंथ मात्र आमच्या अगदीं शेजारचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिलेला 'मानसोल्लास' मराठी अभ्यासकांस ठाऊक आहे, तो महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात या त्यांतील उल्लेखासाठीं. त्याच ग्रंथांत 'मत्स्यविनोद' या नांवाचा एक अध्याय आहे, आणि त्याकडे आमच्या वाङ्मयेतिहासकारांनीं ढुंकूनही पाहिलेलें नाहीं. माशांचे प्रकार, त्यांतील नदीचे कोणते व समुद्राचे कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणतें खाद्य द्यावें, दोरी कशी असावी, गळ कसा असावा, हें सर्व तेथें शास्त्रशुद्ध क्रमानें आलें आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यावर लिहिलें, तें त्यांस त्यांत खरें निरीक्षण आढळलें म्हणूनच. परंतु हा राजाचा विनोद आहे. माशांस आधीं खाऊं घालून एका जागीं माणसाळविण्याचे कष्ट कोणा सेवकांनीं घेतले असतील. राजा येऊन बसतो तो अखेरच्या घटकेस. वर्णन नेमकें आहे, आणि त्यांत वाट पाहणें नाहीं. ज्या विद्येंत दहांपैकीं नऊ घटका वाट पाहण्यांत जातात तिच्या ग्रंथांतील ही उणीव मला मोठी वाटते.

इंग्रजी वाङ्मयानें नेमकें हें वाट पाहणेंच वाङ्मय केलें. आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ मध्यें निघाला. यादवी युद्ध होऊन गेलें होतें, राजाचा शिरच्छेद होऊन चार वर्षें लोटलीं होतीं, आणि हा राजपक्षाचा वृद्ध गृहस्थ नदीकांठच्या कुंपणाखालीं बसून शिष्यास मासा कसा धरावा हें सांगत होता. ग्रंथ संवादरूप आहे. गुरु बोलतो, शिष्य शंका काढतो. आपणांस ही रीति परकी वाटण्याचें कारण नाहीं. त्यांत चुका आहेत, ऐकीव गोष्टी आहेत, मधूनच गाणें येतें; आणि तरीही नवशिक्याला त्यांतून जें मिळतें तें सामानाच्या यादींतून मिळत नाहीं. बायरननें 'डॉन जुआन'च्या तेराव्या सर्गांत या सौम्य म्हाताऱ्यास क्रूर ठरविलें. हा आरोप सहज झटकून टाकण्याजोगा नाहीं. जिवंत बेडूक गळास टोंचतांना कोमलपणा राखावा, असें सांगणाऱ्या लेखकाच्या अंतःकरणांत एक कप्पा बंद असला पाहिजे. रबराच्या बेडकानें एवढा तरी प्रश्न मिटविला.

हिंदुस्थानांतील पाण्यावर लिहिणारा पहिला समर्थ लेखक मद्रासच्या मुलकी नोकरींतला हेन्री सलिव्हन टॉमस. त्याचें 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्यें निघालें. महसीर हा झुंजींत सामन माशाहून सरस आहे, हा त्याचा दावा पुढें इंग्रज शिकाऱ्यांच्या तोंडीं बसला. टॉमस वाचनीय आहे, विनोदी आहे, आणि नदींतील माशांची नासाडी थांबावी अशी कळकळ त्याला आहे. पण देशी मासेमार त्याला दिसतो तो एकतर माहिती देणारा नोकर म्हणून, नाहीं तर लहान मासे ओरबाडणारा अपराधी म्हणून. सोमेश्वरापासून टॉमसपर्यंत साडेसातशें वर्षें लोटलीं. भोई होता तेथेंच आहे.

येथें एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली पाहिजे. कर्नल साइक्स या अधिकाऱ्यानें १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां कित्येक जातींना त्यानें इकडच्या लोकांच्या तोंडचींच नांवें लॅटिन करून दिलीं. दख्खनी महसीर आजही शास्त्रांत 'टॉर खुद्री' आहे. आमचा खडशी तो हाच. दुसऱ्या एका माशाच्या नांवांत 'कोलस' म्हणून आमची कोळशी बसली आहे. ज्या शब्दांस मराठी ग्रंथांत जागा मिळाली नाहीं त्यांस लंडनच्या प्राणिशास्त्रांत ती मिळाली. अलीकडे मारुती चितमपल्ली यांनीं (१९३२–२०२५) नवेगावबांधच्या ढिवरांपाशीं बसून असे शब्द वेंचले आणि त्यांना मराठी गद्यांत प्रतिष्ठा दिली. आमच्या म्हणण्याला हा थोर अपवाद होय. पण गळ कसा टाकावा हें शिकविणें हें त्यांचें काम नव्हतें.

आतां त्या नकली भक्ष्याकडे वळूं, कारण साहित्याच्या विद्यार्थ्यास त्यांत मौज वाटण्याजोगें पुष्कळ आहे. शंकुकानें नाट्यांतील अनुकरण समजाविण्यासाठीं चित्रांतील घोड्याचा दाखला दिला. ती प्रतीति खरी नव्हे, खोटी नव्हे, संशयाची नव्हे, केवळ सादृश्याचीही नव्हे, असें त्याचें म्हणणें. मरळीची प्रतीति मात्र साफ खोटी असते, हें तिला फार उशिरां कळतें! पण खरा बोध पुढेंच आहे. पितळेचा चमचा हातांत घेऊन पाहा. तो कोणत्याही माशासारखा दिसत नाहीं. पाण्यांतून ओढला कीं तो डुलतो, लकाकतो, जखमी मासोळीप्रमाणें कलंडतो. अनुकरण आकाराचें नसून क्रियेचें असतें, हें अॅरिस्टॉटलचें मत दुकानदारास ठाऊक नसतें. म्हणून तो नवशिक्याला हुबेहूब डोळे व खवले काढलेला महागडा मासा विकतो. आरंभास एक रबरी बेडूक, एक चमचा, सुमारें सात फुटांची ताठ काठी व जाड विणलेला दोरा एवढें पुरे. बेडकाचे कांटे त्याच्या अंगालगत वर वळलेले असतात, म्हणून तो शेवाळांत अडकत नाहीं. तो वनस्पतींच्या पलीकडे टाकावा, थांबत थांबत ओढावा, आणि पाणी फुटून मरळीनें झडप घातली कीं लगेच हिसका देऊं नये. दोरा ताणला जाईपर्यंत एक-दोन क्षण दम धरावा. बहुतेक नवशिके येथेंच मासा घालवितात.

पण याच्याही आधींचा धडा मला पेनटाकळीच्या काठीं एका वृद्ध भोयाकडून मिळाला. मी काठीची जुळवाजुळव करीत असतांना तो म्हणाला, "मास्तर, आंधी पानी पाहा, मंग गळ." मरळीला हवेंतला श्वास घ्यावा लागतो, ती ठराविक वेळानें वर येते व तोंड लावून खालीं जाते. तेथें जें वलय उठतें तें लहान माशाच्या वलयासारखें नसतें. तो अर्धा तास नुसता पाहत बसला, आणि पुढचें वलय कोठें उठेल हें त्यानें तीनदां बोटानें दाखविलें. दोनदां तें तेथेंच उठलें. हा माझ्या मतें पुस्तकाचा पहिला अध्याय. या जिल्ह्याचें पाणी बुलढाण्याच्या घाटावरून दोहोंकडे वाटलें जातें. उत्तरेचें पूर्णेवाटे तापीला व पश्चिम समुद्राला, दक्षिणेचें पैनगंगेवाटे गोदावरीला व पूर्व समुद्राला. त्यांतच दक्षिणेकडील दुसरी पूर्णा, तिला आम्ही खडकपूर्णा म्हणतों. पहिल्या पुरांत चढणीला लागणारा मासा, उन्हाळ्यांत उरलेल्या डोहांत दाटणारा मासा, धरणाच्या भिंतीशीं खोल बसणारा मासा, यांची उठबस परदेशी पुस्तकांवरून कळावयाची नाहीं.

आणि एका ठिकाणीं हें पुस्तक कठोर असलें पाहिजे. मरळ आपल्या पिलांची राखण करते. पावसाळ्यांत तांबूस पिलांचा घोळका पृष्ठभागाशीं येतो, तेथलें पाणी उकळल्यासारखें दिसतें, आणि खालीं कोठें तरी आईबाप असतात. त्या घोळक्यांतून बेडूक ओढला तर झडप येण्याची शक्यता फार मोठी. नवशिक्यास याहून सोपा मासा नाहीं, आणि म्हणूनच हा सल्ला त्याला लवकर मिळतो. परंतु ही झडप भुकेची नसते, रक्षणाची असते. त्या मासळीला काढली कीं मागें राहिलेलीं पिलें कांहीं वेळांत इतर माशांच्या तोंडीं जातात. धरून पुन्हा सोडूं, असें म्हणणाऱ्यानेंही हें समजून घ्यावें. तो पांच मिनिटें छायाचित्र काढीत असतांना घोळका कोणासाठीं थांबत नाहीं. येथें दृष्टांताची जुनी पाण्यांतली दृष्टि अचानक उपयोगी पडते. शिकारी माशाला फसविण्यासाठीं त्याच्या डोळ्यांनीं पाहावेंच लागतें. मग जें दिसेल त्यांतलें सोयीचें तेवढें पाहून कसें चालेल? भोई पिलांवरची मरळ धरतच नाहीं, असा दावा मी करीत नाहीं. गरज असली कीं तो धरतो. पण त्याची गरज आणि आमची करमणूक यांस एकाच तागडींत घालणारें पुस्तक मला नको आहे. बहुतेक जलाशयांतील मासळीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तिची परवानगी न घेतां काठी टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या शेतांत हुरडा खाण्यासारखें आहे, हें पहिल्याच पानावर छापावें. ज्ञानगंगा अभयारण्यांतल्या तळ्यांचा तर प्रश्नच उद्भवत नाहीं.

राहतां राहिला नांवाचा प्रश्न. या नकली भक्ष्याला मराठींत काय म्हणावें? 'आमिष' हा शब्द लगेच सुचतो. पण संस्कृतांत आमिष म्हणजे मांस, आणि येथें तर मांसाचा लवलेशही नाहीं. 'कृत्रिम आमिष' म्हणजे बिनदुधाची खीर. कोंकणांत गळाला गरी व गळानें मासे धरण्याला गरवणें असा सुटसुटीत शब्द आहे, तो इकडे खुशाल आणावा; पण त्यानेंही ही जागा भरत नाहीं. पेनटाकळीच्या त्या म्हाताऱ्याच्या हातीं मीं रबराचा बेडूक दिला होता. त्यानें तो उलटासुलटा केला, पोट दाबून कांटे कोठून बाहेर येतात तें पाहिलें आणि "खोटा बेंडूक" असें म्हणून परत केला. मला याहून चांगला शब्द अजून सुचलेला नाहीं.