सावळी, पण...

मराठी कथा-कादंबरीतली नायिका उंबऱ्याच्या आत पाऊल टाकते न टाकते तोच लेखक तिच्या रंगाचा निकाल लावून मोकळा होतो. ती गोरीपान असते, केतकी असते, निमगोरी असते, फार तर गव्हाळ असते. यांतली कोणतीच नसली, तर मग ती 'सावळी, पण नाकीडोळी नीटस' असते. माझे भांडण आहे ते या वाक्यातल्या 'पण'शी.

माणसाच्या रंगाचा उल्लेख लेखनातून हद्दपारच करावा, असा एक आग्रह हल्ली ऐकू येतो. हेतू चांगला आहे. परंतु कादंबरीकाराला तो मानवणारा नाही. 'वर्णन' हा शब्दच मुळी 'वर्णा'च्या कुळातला. शिवाय शब्द गाळल्याने दृष्टी बदलते, असा अनुभव नाही. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' काढून तेथे 'ग्लो' बसवला. त्याच वर्षी लग्ने जुळवणाऱ्या एका संकेतस्थळाने रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. बरे झाले. मुलगी पाहून परतणाऱ्या मंडळींच्या रिक्षात पहिला विषय कोणता निघतो, हे मात्र वाचकांना मी सांगायला नको.

मौज अशी की, मराठी भाषेला काळ्या रंगाचे वावडे मुळीच नाही. शेताला आपण 'काळी' म्हणतो. डोळे नि केस काळेभोर असले की कौतुक करतो. संक्रांतीची चंद्रकळा काळी, मंगळसूत्राचे मणी काळे. पंढरीचा विठोबा तर सावळाच, आणि त्याच्या सावळेपणापुढे संतांना 'पण' लावावासा वाटला नाही. हा सगळा लोभ आटतो तो कातडीपाशी, आणि तीही बहुतकरून मुलीच्या. नायक 'उंच, सावळा, रुबाबदार' असतो. तेथे स्वल्पविरामावर भागते. घरातला गडी 'काळाकभिन्न', आणि अंधारात त्याचे दात चमकल्याखेरीज प्रकरण संपत नाही. उलट कुणाला 'गोरेपान, घारे' म्हटले की जात सांगण्याचे श्रम वाचतात. 'वर्ण' शब्दाचे दोन्ही अर्थ आमचे लेखक बरोबर ध्यानात ठेवतात.

महाभारताची नायिका द्रौपदी. तिचे एक नाव कृष्णा, म्हणजे काळी. त्या काळेपणाबद्दल व्यासांनी कुणाची क्षमा मागितलेली नाही. ते स्वतःही कृष्ण द्वैपायनच! त्यांच्या रूपाला भिऊन अंबालिका पांढरीफटक पडली आणि म्हणून तिच्या पोटी फिकट वर्णाचा पंडू जन्मला, अशी कथा आहे. म्हणजे या ग्रंथात खुलासा द्यावा लागतो तो फिक्या रंगाचा. आमच्या कॅलेंडरांवर मात्र द्रौपदी बहुधा पिठासारखी पांढरी.

यावर कुणी म्हणेल, समाजात 'पण' आहे, तर तो कादंबरीत का नसावा? असावा की! मुलगी पाहायला आलेल्या आत्याबाईंच्या तोंडी तो हवाच. नरकचतुर्दशीच्या पहाटे नातीला उटणे लावताना 'रंग उजळतो हो यानं' म्हणणारी आजीही मला हवी आहे. तिचे बोल जसेच्या तसे लिहावेत. ज्या कथेत रंगापायी सोयरीक मोडते, तेथे रंगाचा शब्द टाळणे ही तर लबाडी ठरेल. माझी हरकत आहे ती आजीचे बोलणे संपल्यावर निवेदकानेही मान डोलावण्याला.

मी शाळामास्तर असल्याने हे भांडण मला निव्वळ पुस्तकी वाटत नाही. आठवीच्या वर्गात एकदा एक मुलगा उभा राहून कथा वाचत होता. 'रंगाने सावळी असली तरी' एवढे शब्द आले मात्र, साऱ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. त्या बाकावरची मुलगी खाली पाहून ओळीवर बोट धरून बसली होती. वाचणारा पुढे गेला. तिचे बोट तिथेच राहिले. कथाकाराला कुणाचा उपमर्द करायचा नव्हता. उलट, तो नायिकेची बाजूच घेत होता. या 'पण'चे विष नेमके तेथे आहे. शिवी दिली तर मुलगी चिडते, घरी जाऊन आईला सांगते. सवलत दिली तर सांगणार काय?

त्याच वर्गात 'माझी मैत्रीण' या विषयावर एका शेतकऱ्याच्या मुलीने लिहिले होते की, मैत्रिणीचा रंग आमच्या वावरासारखा आहे, पाऊस पडून गेल्यावर असतो तसा. आणि चिंच खाताना ती एकच डोळा मिटते. तिने रंग लपवला नाही नि त्याची भरपाईही केली नाही. तो मिटलेला डोळा वाचला आणि ती मैत्रीण मला दिसली. आमच्या कित्येक कादंबऱ्यांतली गोरीपान नायिका तीनशे पानांत अशी एकदाही दिसत नाही. रंग तेवढा कळतो. चेहरा कोराच राहतो. गोऱ्या मुलींनीसुद्धा खरे तर याबद्दल तक्रार करायला हवी.