ग्रहलाघव
सूर्य, चंद्र व ग्रह यांची आकाशातील स्थाने काढण्यासाठी गणेश दैवज्ञ यांनी रचलेला संस्कृत करणग्रंथ. आरंभकाल शके १४४२ (इ. स. १५२०). ग्रंथकर्ते कोकणातील नांदगावचे. पिता केशव दैवज्ञ हेही वेधकुशल ज्योतिषी असून त्यांचा ग्रहकौतुक हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. ग्रंथरचनेच्या वेळी गणेश दैवज्ञ केवळ १३ वर्षांचे होते, अशी समजूत आहे. तथापि करणग्रंथाचा आरंभकाल हाच त्याचा रचनाकाल असतो असे नाही. मल्लारी व विश्वनाथ यांच्या टीका या ग्रंथावर आहेत. महाराष्ट्रातील पंचांगे कित्येक शतके प्रामुख्याने याच्याच आधारे तयार होत.

सिद्धांतग्रंथात गणिताची उपपत्ती असते, तर करणग्रंथात ते झटपट उरकण्याची रीती. ग्रहलाघवाचे लाघव दोन गोष्टींत आहे. कलियुगारंभापासूनचे दिवस मोजल्यास १५२० मध्येच ती संख्या १६ लाखांच्या पुढे जाते व पुढील गुणाकार-भागाकार अवजड होतात. गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचे म्हणजे ४,०१६ दिवसांचे चक्र कल्पिले. प्रत्येक चक्रासाठी ग्रहाच्या स्थानात करावयाचा फरक (ध्रुव) व आरंभीचे स्थान (क्षेपक) देऊन ठेवल्यामुळे गणकाला चालू चक्रातील दिवसांपुरतेच गणित उरते. चक्राची निवडही मार्मिक आहे. ४,०१६ दिवसांत जवळजवळ नेमके १३६ चांद्रमास बसतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांचा (त्रिकोणमितीतील ज्या) त्याग. सूर्याची गती एकसारखी नसल्याने त्याच्या मध्यम स्थानाला मंदफल नावाचा संस्कार द्यावा लागतो आणि तो सामान्यतः ज्यांच्या कोष्टकावरून काढतात. येथे कोष्टकच नाही. केंद्राच्या (सूर्य व त्याचे उच्च यांमधील कोनाच्या) भुजांशांना ९ ने भागावे. तो भागाकार २० मधून वजा करून बाकीला त्यानेच गुणावे. गुणाकाराचा नववा हिस्सा ५७ मधून वजा करावा व या बाकीने गुणाकाराला भागावे, म्हणजे मंदफल अंशांत मिळते. ९० अंशांना ते सुमारे २ अंश ११ कला, तर ३० अंशांना १ अंश साडेपाच कला येते. ज्यांच्या रीतीने येणाऱ्या फलाशी ताडून पाहिले असता फरक विकलांचाच निघतो. पाटीवर हिशेब करणाऱ्या गणकाच्या दृष्टीने याहून सोयीची युक्ती सुचणे कठीण आहे.

या सुलभतेमुळे सिद्धांताचे अध्ययन मागे पडले, असा आक्षेप ग्रंथावर घेतला जातो. तो पूर्णतः निराधार नाही. पण त्यावरून ग्रंथकर्त्याला उपपत्तीची वा वेधांची आस्था नव्हती असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांनी कोणत्याही एका पक्षाला चिकटून न राहता आकाशाशी जे जुळले ते घेतले. सूर्य सौरपक्षाचा, चंद्र सौरपक्षाचाच पण ९ कलांनी कमी, गुरू आर्यपक्षाचा, शनी आर्यपक्षाचा पण ५ अंशांनी अधिक, ही निवड वेधांवाचून शक्य नव्हती.

ग्रंथाची खरी उणीव चंद्राच्या गणितात आहे आणि ती सर्व प्राचीन परंपरेचीच होय. चंद्राच्या मंदफलाचे परमाधिक मूल्य येथे सुमारे ५ अंश आहे. आधुनिक गणितानुसार ते ६ अंश १७ कला असून शिवाय सूर्याच्या आकर्षणामुळे उद्‌भवणारे इतर संस्कार असतात. त्यांपैकी सर्वांत मोठा सुमारे १ अंश १६ कलांचा आहे. अमावास्या व पौर्णिमा यांना हा संस्कार मंदफलातून वजा होतो व बाकी जवळजवळ ५ अंशच राहते. अष्टमीच्या सुमारास मात्र तो मिळविला जाऊन बेरीज साडेसात अंशांवर जाते. जुन्या ज्योतिषांची मुख्य कसोटी ग्रहण ही होती आणि ग्रहणे अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. त्यामुळे ५ अंश हे मूल्य त्या कसोटीवर खरे उतरत राहिले. सूर्याच्या मंदफलातही हेच दिसते. आधुनिक मूल्य १ अंश ५५ कला आहे. चंद्राचा ११ कलांचा वार्षिक संस्कार त्यात मिळविल्यास २ अंश ६ कला होतात. ग्रहलाघवातील मूल्य याच्या निकट आहे, हा निव्वळ योगायोग नसावा.

परिणाम असा की, ग्रहण बऱ्याच अंशी जुळते, पण अष्टमी किंवा एकादशी संपण्याच्या वेळेत प्रसंगी ५ तासांच्या आसपास फरक पडतो आणि व्रताचा दिवसही बदलू शकतो. चंद्र व सूर्य यांत १२ अंशांचे अंतर पडण्यास लागणारा काळ म्हणजे तिथी. जुन्या गणिताने ती ५४ ते ६५ घटिकांची असते. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे सूत्र त्यावरूनच आले. वास्तविक तिथी सुमारे ५० ते ६७ घटिकांच्या दरम्यान असते. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य गणिताच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके (१८६०) सिद्ध केली व नवे पंचांग निघू लागले, तेव्हा वाद पेटला तो या घटिकांवरून. सूत्राला धर्मवचनाचे महत्त्व देणाऱ्यांनी ग्रहलाघवाचा कैवार घेतला. पण वेधांशी न जुळणारे मूल्य सोडून देणाऱ्या ग्रंथकर्त्याची भूमिका त्यांनी घेतली नाही.

या संस्कारांची जाणीव भारतात अगदीच नव्हती असे नाही. मुंजालाच्या लघुमानसात (दहावे शतक) चंद्राचा दुसरा संस्कार आढळतो. ओडिशातील चंद्रशेखर सामंत यांनी सिद्धांतदर्पणात (१८९९) तुंगांतर, पाक्षिक व दिगंश असे तीन संस्कार स्वतःच्या वेधांवरून दिले. महाराष्ट्रात वेंकटेश बापूजी केतकर यांनी ज्योतिर्गणितात आधुनिक संस्कार संस्कृत करणग्रंथाच्या परंपरेत आणले. भारत सरकारने १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे गणित स्वीकारले व १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्यानुसार निघू लागले. ब्राउन यांच्या १९१९ च्या चंद्रकोष्टकांत सुमारे दीड हजार पदे आहेत. ग्रहलाघवात चंद्राचे मंदफल एकाच पदाने निघते.